गिगाहर्ट्झचा आकडा कसा वाचायचा? नवा संगणक घेण्याआधीच्या पायऱ्या

बारावीचा निकाल लागला की महिनाभर माझ्या फोनवर एकाच प्रकारचे फोटो येत राहतात. लॅपटॉपच्या खोक्यावरचं लेबल किंवा ऑनलाइन दुकानाच्या पानाचा स्क्रीनशॉट, आणि खाली प्रश्न: "मावशी, दोन्ही रायझन ५ आहेत. हा २.८ गिगाहर्ट्झ आहे आणि तो २.०. मग २.८ वालाच घेऊ ना?"

प्रश्न रास्त आहे. (रायझन ५ हे एएमडी कंपनीच्या प्रोसेसरचं, म्हणजे संगणकाचं सगळं काम करणाऱ्या मुख्य चिपचं, नाव.) घरातून एकदम एवढे पैसे निघणार असतात, बऱ्याचदा आईने वर्षभर बाजूला ठेवलेले, आणि खोक्यावर कळण्यासारखा तेवढाच एक आकडा असतो. मोठा आकडा म्हणजे वेगवान मशीन असं वाटणं साहजिक आहे. पण हा आकडा एकटा वाचला तर फसवतो. अशी फसगत मी इतक्या जणांची पाहिली आहे की सगळं एकदा पायरीपायरीने लिहून ठेवते आहे. वाचायला संगणकाचं शिक्षण लागत नाही. वरच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या पायरीवर येईल.

पायरी १: आकडा कशाचा आहे ते समजून घ्या

प्रोसेसरच्या आत सतत एक ठोका चालू असतो. सेकंदाला एक ठोका म्हणजे एक हर्ट्झ. गिगा म्हणजे शंभर कोटी. तेव्हा ३ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर म्हणजे सेकंदाला तीनशे कोटी ठोके. हा वेग किती अफाट आहे हे एका गोष्टीवरून लक्षात येतं. प्रकाश सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातो, पण या एका ठोक्याच्या वेळात तोही फक्त दहा सेंटिमीटर पुढे सरकतो. जेमतेम अर्धी वीत.

हा ठोका कशासाठी? शाळेत लेझीम खेळला असाल तर चटकन कळेल. हलगीवर एक ठोका पडला की पथकातला प्रत्येक जण एक हालचाल करतो, आणि पुढचा ठोका पडायच्या आत ती पुरी व्हायलाच हवी. हलगीवाल्याने लय वाढवली की खेळ रंगात येतो. पण लय फार चढली की सगळ्यात सावकाश पोरगं मागे पडतं आणि अख्खी रांग विस्कटते. प्रोसेसरमध्येही विजेचा सिग्नल ट्रान्झिस्टरच्या, म्हणजे विजेच्या सूक्ष्म स्विचांच्या, लांबलचक साखळ्यांमधून जातो आणि ठोका संपायच्या आत पलीकडे पोचावा लागतो. सगळ्यात लांब साखळीला जेवढा वेळ लागतो, त्याहून लहान ठोका ठेवताच येत नाही. ठेवला तर उत्तरं चुकायला लागतात आणि मशीन हँग होतं.

म्हणजे गिगाहर्ट्झ सांगतो फक्त हलगीची लय. एका ठोक्यात पथक किती काम उरकतं हे तो सांगत नाही.

मग सगळ्यांना याच आकड्याची सवय का लागली? कारण एके काळी तो खरोखर पुरेसा होता. १९७१ साली आलेला इंटेलचा ४००४ हा प्रोसेसर ७४० किलोहर्ट्झवर (सेकंदाला ७ लाख ४० हजार ठोके) चालायचा. १९८१ च्या आयबीएम पीसीमधला ८०८८ होता ४.७७ मेगाहर्ट्झचा (सेकंदाला सुमारे ४८ लाख ठोके). मार्च २००० मध्ये आधी एएमडीच्या अॅथलॉनने आणि दोनच दिवसांनी इंटेलच्या पेंटियम ३ ने १ गिगाहर्ट्झ गाठला. एकोणीस वर्षांत दोनशेपटीहून जास्त वाढ! त्या काळात जुना संगणक देऊन नवा घेतला की आकडाही वाढलेला असायचा आणि कामही झटपट व्हायचं. दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचीही भाषा तीच झाली, आणि परिस्थिती बदलली तरी भाषा तशीच राहिली.

पायरी २: एका ठोक्यात किती काम होतं ते बघा

हा धडा संगणकाच्या दुनियेने फार महागात शिकला आहे. नोव्हेंबर २००० मध्ये इंटेलने पेंटियम ४ आणला. त्याची रचनाच मुळात आकडा वाढावा म्हणून केलेली होती. प्रत्येक कामाचे छोटे छोटे वीस टप्पे पाडले, म्हणजे एका ठोक्यात करायची हालचाल लहान झाली आणि लय वाढवता आली. पण त्याची किंमत मोजावी लागली. प्रोग्राममध्ये जागोजागी "असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर" अशी वळणं असतात. कोणतं वळण लागेल याचा अंदाज बांधून प्रोसेसर पुढचं काम आधीच सुरू करतो. अंदाज चुकला की हातातलं सगळं टाकून पहिल्या टप्प्यापासून सुरुवात. टप्पे जितके जास्त, तितकं वाया जाणारं काम जास्त. त्यामुळे १.४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ काही कामांत १ गिगाहर्ट्झच्या पेंटियम ३ च्याही मागे पडायचा. २००४ मध्ये याच घराण्यातल्या प्रेस्कॉट चिपमध्ये टप्पे ३१ वर गेले. ४ गिगाहर्ट्झचा पेंटियम ४ जाहीर झाला होता, तो त्याच वर्षी रद्द करावा लागला.

त्या वर्षांत एएमडीची पंचाईत अशी की त्यांच्या चिप एका ठोक्यात जास्त काम करायच्या, पण खोक्यावर आकडा लहान दिसायचा. म्हणून १.५३ गिगाहर्ट्झच्या चिपला त्यांनी नाव दिलं अॅथलॉन एक्सपी १८००+, म्हणजे गिऱ्हाइकाला ती १.८ गिगाहर्ट्झच्या तोडीची वाटावी. आणि २००६ च्या जुलैमध्ये इंटेलनेच कोअर २ ड्युओ आणून आपली जुनी वाट सोडली. त्यातला २.४ गिगाहर्ट्झचा ई६६०० बहुतेक कामांत ३.६-३.८ गिगाहर्ट्झच्या पेंटियमना सहज मागे टाकत होता.

आता सुरुवातीचा प्रश्न. मी नेहमीप्रमाणे पूर्ण मॉडेल नंबर मागवले. २.८ वाला निघाला रायझन ५ ७५२०यू आणि २.० वाला रायझन ५ ७५३०यू. एका आकड्याचा फरक. पण ७५२०यू मध्ये चार कोअर (एकेक कोअर म्हणजे चिपच्या आतला स्वतंत्रपणे काम करणारा छोटा प्रोसेसरच) आहेत आणि ते झेन २ रचनेचे, म्हणजे २०१९ साली आलेल्या पिढीचे. ७५३०यू मध्ये सहा कोअर, झेन ३ रचनेचे. तेवढ्याच ठोक्यांत झेन ३ साधारण १९ टक्के जास्त काम करतो, असं एएमडीनेच जाहीर केलेलं आहे. शिवाय चिपच्या आतली जवळची मेमरी, म्हणजे एल३ कॅश, पहिल्यात ४ एमबी आणि दुसऱ्यात १६ एमबी. अगदी कमाल वेग बघितला तरी पहिला ४.३ आणि दुसरा ४.५. लेबलवर मोठा दिसणारा २.८ प्रत्यक्षात या सगळ्या बाबतीत मागे होता.

रायझनच्या लॅपटॉपसाठीच्या या ७००० मालिकेत मॉडेल नंबरचा तिसरा अंक रचनेची पिढी सांगतो, हे लक्षात ठेवा. २ म्हणजे झेन २, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. पहिला अंक ७ बघून "नवीन आहे" म्हणू नका.

यातून घ्यायचा नियम असा: गिगाहर्ट्झची तुलना फक्त एकाच कंपनीच्या, एकाच पिढीच्या चिपमध्ये करा. घराणं बदललं की ती तुलना निरर्थक.

पायरी ३: दोन आकडे वेगळे ओळखा

लेबलवर कधी १.३ लिहिलेलं असतं, कधी "४.४ पर्यंत". दोन्ही खरे असू शकतात, एकाच चिपचे. लहान आकडा म्हणजे बेस स्पीड: ठरवून दिलेल्या विजेत चिप कितीही वेळ टिकवू शकते तो वेग. मोठा आकडा म्हणजे बूस्ट किंवा टर्बो: थोडा वेळ, बहुतेकदा एकदोन कोअरवर, चिप गार असेल तर मिळणारा कमाल वेग. "पर्यंत" हा शब्द तिथे फार महत्त्वाचा आहे आणि जाहिरातीत तोच सगळ्यात बारीक अक्षरात असतो.

उदाहरण म्हणून इंटेलची कोअर आय५ १२३५यू ही चिप घ्या (इथे "कोअर" हा नुसता नावाचा भाग). यात दोन प्रकारचे कोअर आहेत, दोन जोरकस आणि आठ काटकसरी. जोरकस कोअरचा बेस १.३ आणि कमाल ४.४ गिगाहर्ट्झ. काटकसरी कोअरचा बेस ०.९ आणि कमाल ३.३. वीज बेसला १५ वॅट, आणि टर्बोत ५५ वॅटपर्यंत. तेव्हा "दहा कोअर, ४.४ गिगाहर्ट्झ" असं कुणी एका दमात म्हणालं तर दहाच्या दहा कोअर ४.४ वर धावतात असं समजू नका. तसं कधीच होत नाही.

वेग सतत वरच का ठेवत नाहीत? उष्णतेमुळे. चिपला लागणारी वीज साधारणपणे वेगाच्या पटीत आणि व्होल्टेजच्या, म्हणजे विजेच्या दाबाच्या, वर्गाच्या पटीत वाढते. वेग २० टक्के वाढवायला व्होल्टेज १० टक्के वाढवावं लागलं असं धरा. १.२ गुणिले १.१ गुणिले १.१ केलं की येतात जवळजवळ १.४५. म्हणजे २० टक्के वेगासाठी ४५ टक्के जास्त वीज, आणि ती सगळी शेवटी उष्णता होऊन बाहेर पडणार. चिपची घडण लहान होत गेली तसं व्होल्टेजही कमी होत जायचं. २००५ च्या आसपास ते उतरणं जवळपास थांबलं. तेव्हापासून कंपन्यांनी लय चढवण्याऐवजी कोअर वाढवायला सुरुवात केली. आज डेस्कटॉपच्या कोअर आय९ १४९००के मध्ये ६ गिगाहर्ट्झ मिळतो खरा, पण ती चिप टर्बोत २५३ वॅटपर्यंत वीज घेते आणि तिला भलामोठा कूलर लागतो. दप्तरात मावणाऱ्या लॅपटॉपकडून ती अपेक्षा धरू नका.

पायरी ४: आपल्याच मशीनवर डोळ्यांनी बघा

ही पायरी वगळू नका. पाच मिनिटं लागतात.

विंडोजवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग सीपीयू. आलेखाच्या खाली "स्पीड" नावाचा आकडा दिसेल, आणि बाजूला "बेस स्पीड", "कोअर्स" आणि "लॉजिकल प्रोसेसर्स".

माझ्या लॅपटॉपवर वर सांगितलेला १२३५यू आहे. बेस स्पीडसमोर १.३० लिहिलेलं असतं. काही न करता नुसती बघत बसले की "स्पीड" खालीवर होत राहतो. मोठी एक्सेल फाइल उघडली की झटक्यात ४ च्या वर जातो, चारपाच सेकंद तिथे राहतो, फाइल उघडली की खाली येतो. पण तासाभराच्या व्याख्यानाचा व्हिडिओ एक्सपोर्टला लावला की सुरुवातीचा अर्धा मिनिट उंच आणि मग हळूहळू दोन-अडीचवर येऊन स्थिरावतो. पंख्याचा आवाज चढतो, कीबोर्डच्या वरची पट्टी हाताला गरम लागते. खोक्यावरचा ४.४ मला एक्सेल उघडताना मिळाला, व्हिडिओ करताना नाही.

आता त्या आलेखावर राइट क्लिक करून "चेंज ग्राफ टू" मधून "लॉजिकल प्रोसेसर्स" निवडा. एका मोठ्या आलेखाचे अनेक छोटे आलेख होतील. (काही कोअर एका वेळी दोन कामं हाताळतात, म्हणून हे चौकोन कोअरपेक्षा जास्त दिसू शकतात.) नेहमीचं काम करत असताना बघा: एखादाच चौकोन वरपर्यंत भरला आहे आणि बाकीचे रिकामे, की सगळे भरलेत? याचं उत्तर पुढच्या पायरीला लागणार आहे.

पायरी ५: तुमचं काम एका कोअरचं की अनेकांचं?

एकच चौकोन भरत असेल तर तुमचं काम एका कोअरवर अडलेलं आहे. मोठ्या एक्सेल शीटमधले एकमेकांवर अवलंबून असलेले हिशेब, बरेच जुने अकाउंटिंग प्रोग्राम, वेबपानावरची बरीचशी कामं, अनेक खेळ या प्रकारात येतात. इथे एका कोअरचा दमदारपणा, म्हणजे बूस्ट आणि एका ठोक्यातलं काम दोन्ही मिळून, उपयोगी पडतो. सोळा कोअर घेऊन काही साधत नाही, पंधरा नुसते बसून राहतात.

सगळे चौकोन भरत असतील तर कोअरची संख्या कामाला येते. व्हिडिओ एक्सपोर्ट, थ्रीडी रेंडर, मोठा सॉफ्टवेअर प्रकल्प कंपाइल करणं, शेकडो फोटो एकदम लहान करणं ही अशी कामं. टायपिंग, ऑनलाइन वर्ग, सरकारी फॉर्म भरणं, एवढंच असेल तर कुठलाच चौकोन फारसा भरणार नाही, आणि मग प्रोसेसरवर जास्त पैसे घालू नका. ते पुढच्या पायरीवर लागतील.

पायरी ६: प्रोसेसर कुणाची वाट बघत बसला आहे ते शोधा

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि हिच्याकडेच सगळ्यात कमी लक्ष जातं.

प्रोसेसरला माहिती लागते. ती जवळच्या कॅशमध्ये नसेल तर रॅमपर्यंत, म्हणजे चालू कामाच्या मेमरीपर्यंत, जावं लागतं, रॅममध्येही नसेल तर फाइली साठवणाऱ्या डिस्कपर्यंत. ३ गिगाहर्ट्झच्या चिपला रॅममधून उत्तर यायला ढोबळमानाने तीनशे ठोके लागतात. एसएसडीवरून, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवरून, साधारण तीन लाख. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवरून तीन कोटी. हे आकडे डोक्यात बसत नाहीत, म्हणून एक ठोका म्हणजे एक सेकंद धरून बघा. रॅममधून वस्तू आणायला पाच मिनिटं. एसएसडीवरून साडेतीन दिवस. हार्ड डिस्कवरून जवळजवळ एक वर्ष, एका आषाढी वारीपासून पुढच्या वारीपर्यंत. त्या वेळात हलगी ३ च्या ऐवजी ४ च्या लयीत वाजली काय नि न वाजली काय.

आमच्या ओळखीतल्या एका झेरॉक्सच्या दुकानात सात-आठ वर्षांचा डेस्कटॉप होता. सुरू व्हायला चार मिनिटं, ब्राउझर उघडायला एक. दुकान चालवणाऱ्या ताईंना कुणीतरी सांगितलं होतं की प्रोसेसर जुना झाला, नवीन मशीनच घ्या. मी टास्क मॅनेजर उघडून दाखवला: सीपीयू दहा टक्क्यांवर, डिस्क मात्र शंभरवर चिकटलेली. हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, रॅमची ४ जीबीची एक कांडी होती तिच्या जोडीला आणखी एक ४ ची लावली. तोच प्रोसेसर, तोच वेग. मशीन अर्ध्या मिनिटात सुरू व्हायला लागलं. ताईंचे पंचवीस-तीस हजार वाचले याचा मला आजही आनंद आहे.

तेव्हा टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या जोडीने मेमरी आणि डिस्कचेही आलेख बघा. मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर राहत असेल तर आधी रॅम वाढवा. दोन कांड्यांची सोय असेल तर एक मोठी लावण्यापेक्षा सारख्या क्षमतेच्या दोन लावा, प्रोसेसरला दोन वाटांनी माहिती मिळते. आणि लॅपटॉप नवा घेत असाल तर रॅम बोर्डलाच जोडलेली आहे की नंतर वाढवता येते, हे विचारल्याशिवाय पैसे देऊ नका.

पायरी ७: दुकानात जाताना

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात जा, तालुक्याच्या गावातल्या दुकानात जा किंवा ऑनलाइन घ्या, पहिली मागणी एकच: पूर्ण मॉडेल नंबर. "आय५ आहे" हे उत्तर नाही. "आय५, बारावी पिढी" हेही अपुरं. शेवटच्या अक्षरासकट सगळा नंबर हवा, कारण यू म्हणजे कमी विजेची चिप आणि एच म्हणजे जास्त विजेची, आणि एकाच नावाखाली दोघांत मोठा फरक पडतो. स्वस्त लॅपटॉपमध्ये सेलेरॉन एन४०२० दिसला तर थांबा. त्यावर "२.८ गिगाहर्ट्झपर्यंत" लिहिलेलं असेल, पण बेस १.१ आहे आणि कोअर दोनच. एक ब्राउझर आणि एक व्हिडिओ कॉल एकत्र चालवतानाच त्याची दमछाक होते.

नंबर मिळाला की त्याचे सिनेबेंच चाचणीचे गुण शोधा. त्यात सिंगल कोअर आणि मल्टी कोअर असे दोन गुण असतात. पाचव्या पायरीवर तुमचं काम कोणत्या प्रकारचं निघालं, त्यानुसार तो गुण बघा. गिगाहर्ट्झ, पिढी, कॅश हे सगळं त्या गुणात आपोआप धरलेलं असतं. मात्र गुण एकाच आवृत्तीच्या चाचणीचे हवेत, आवृत्ती बदलली की गुणांची मोजपट्टीच बदलते.

दुकानात मशीन सुरू करून देत असतील तर सेव्हन-झिप हा मोफत प्रोग्राम टाकायची परवानगी मागा. त्याच्या टूल्स मेनूत बेंचमार्क आहे. तो दहा मिनिटं चालू ठेवा आणि टास्क मॅनेजरमधला "स्पीड" बघत राहा. पहिल्या मिनिटाचा आकडा आणि दहाव्या मिनिटाचा आकडा कागदावर लिहा. एकच चिप दोन वेगवेगळ्या लॅपटॉपमध्ये वेगळी वागते, कारण पंखा आणि आतली हवेची वाट वेगळी असते. मग चार्जर काढून पुन्हा एकदा. बॅटरीवर वेग फार कोसळत असेल तर कॉलेजात प्लग मिळणार नाही अशा मुलीसाठी ते मशीन योग्य नाही.

पायरी ८: घेतलेला वेग टिकवा

माझी भाची नागपूरला शिकते. मे महिन्यात तिचा फोन आला, लॅपटॉप अचानक रखडतोय, बिघडला बहुतेक. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर लॅपटॉप गादीवर, खाली घडी घातलेली गोधडी, खोलीत ४२ अंश. स्पीड एकच्या आसपास खिळलेला. चिपचं तापमान शंभर अंशांच्या जवळ गेलं की ती स्वतःला वाचवायला लय उतरवते. बिघाड नव्हता. लाकडी पाटावर लॅपटॉप ठेवायला लावला, मागून टेबलफॅन. पंधरा मिनिटांत स्पीड पुन्हा तीनच्या वर. आमच्याकडच्या उन्हाळ्यात एवढी काळजी घ्यावीच लागते, कारण खोलीतली हवाच तापलेली असेल तर पंखा चिपला गार कशाने करणार?

दीड-दोन वर्षांनी आतली धूळ साफ करून घ्या आणि चिपवरची थर्मल पेस्ट, म्हणजे चिपची उष्णता बाहेर न्यायला मदत करणारा लेप, बदलून घ्या. गार मशीनवर आणि हलक्या कामातसुद्धा स्पीड कायम एकच्या खाली अडकलेला असेल तर चार्जर तपासा. कमी वॅटचा किंवा न ओळखलेला चार्जर लावला की काही लॅपटॉप मुद्दाम वेग दाबून ठेवतात. विंडोजच्या सेटिंग्जमध्ये पॉवर मोड "बेस्ट पॉवर एफिशियन्सी" वर राहून गेला आहे का, तेही बघा. पॉवर ऑप्शन्समध्ये "मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट" ९९ टक्के असेल तर टर्बो बंद पडतो, १०० करा. उलट कडक उन्हाळ्यात नुसतं टायपिंग करायचं असेल, तर हाच आकडा मुद्दाम ९९ वर ठेवा. मशीन गार राहतं, पंख्याचा आवाज बसतो आणि टायपिंगला काही फरक पडत नाही. भाचीने तसंच ठेवलं आहे, आणि जूनमध्ये पाऊस लागला की मी तिला ते परत १०० करायला सांगते.